जर्मन क्रियापदं आणि काळ: परीक्षेचा अभ्यास मराठीच्या वाटेनं

जर्मनची तपासून आलेली उत्तरपत्रिका हातात घ्या आणि लाल शाई कुठे कुठे लागली आहे ते बघा. बहुतेक खुणा क्रियापदाभोवती दिसतील. कुठे क्रियापदाचं शेपूट चुकलेलं असतं, कुठे ते भलत्या जागी बसलेलं असतं, कुठे भूतकाळात 'हाबेन' (जवळ असणे) या क्रियापदाऐवजी 'झाइन' (असणे) आलेलं असतं. मी शाळेतल्या आणि अकरावी-बारावीतल्या मुलांना जर्मन शिकवते. दर वर्षी एक वाक्य मला हमखास वहीत सापडतं: 'इश बिन गेए.' मुलाला म्हणायचं असतं 'मी जातोय'. त्यानं मनात आधी त्याचं इंग्रजी केलं, मग त्या इंग्रजीचं जर्मन केलं आणि मधे एक 'बिन' उगाच आला. जर्मनमध्ये 'मी जातोय' म्हणजे नुसतं 'इश गेए'.

माझं ठाम मत असं की मराठी बोलणाऱ्या मुलानं जर्मन क्रियापद इंग्रजीमार्फत शिकू नये. मराठीत तीन लिंगं आहेत, 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे आहेत, कर्त्याप्रमाणे क्रियापदाचं शेपूट बदलतं आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. जर्मनमध्ये जे अवघड म्हणून सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं आपण घरात रोज बोलतो. मराठी जिथे फसवते अशाही दोन-तीन जागा आहेत, त्याही पुढे येतीलच.

सुरुवातीलाच एक सूचना. या लेखात जर्मन शब्द देवनागरीत, उच्चाराच्या जवळ जातील असे लिहिले आहेत. तुमच्या वहीत मात्र ते पाठ्यपुस्तकात बघून, डोक्यावरच्या दोन टिंबांसकट, जर्मन लिपीतच उतरवा. देवनागरीत जर्मन लिहायची सवय लागली की परीक्षेत स्पेलिंग आठवत नाही.

आधी धातू, मग शेपूट

'शिकणे' मधला 'णे' काढला की 'शिक' उरतो. तसंच 'लेर्नेन' मधला 'एन' काढला की 'लेर्न' उरतो. हा धातू. आता दोन्ही भाषांतली रूपं एकाखाली एक म्हणून बघा: मी शिकतो, तू शिकतोस, तो शिकतो, आम्ही शिकतो, तुम्ही शिकता, ते शिकतात. इश लेर्ने, डू लेर्न्स्ट, एर लेर्न्ट, वीर लेर्नेन, ईर लेर्न्ट, झी लेर्नेन.

'तू'च्या रूपातला 'स' दिसला का? शिकतोस, शिकलास, लेर्न्स्ट. हा योगायोग नाही. ज्यांना शाळेत संस्कृत आहे त्यांनी 'गच्छसि' आणि 'गच्छति' आठवावं: 'तू'ला सि, 'तो'ला ति. जर्मनमधला 'डू'चा 'स्ट' आणि 'एर'चा 'ट' त्याच जुन्या कुळातले आहेत. 'अस्ति' आणि 'इस्ट', 'सन्ति' आणि 'झिंट' ही तर सख्खी भावंडंच. एवढं लक्षात आलं की तक्ता परका वाटत नाही आणि पाठही लवकर होतो.

एका बाबतीत जर्मन मराठीपेक्षा सोपी आहे. आपल्याकडे तो जातो, ती जाते, ते जातं. जर्मनमध्ये तिघांनाही एकच रूप: एर गेट, झी गेट, एस गेट.

मराठी फसवते ती आदराच्या ठिकाणी. आपण 'बाबा येतात' म्हणतो. त्यामुळे मुलं 'माइन फाटर कोमेन' लिहितात. जर्मनमध्ये वडील कितीही आदरणीय असले तरी ते एकच व्यक्ती आहेत, म्हणून 'माइन फाटर कोम्ट'. दुसरी जागा 'तुम्ही'ची. आपला 'तुम्ही' दोन कामं करतो: एका मोठ्या माणसाला आदरानं, आणि चार मित्रांना एकत्र. जर्मन ही कामं वाटून देते. मित्रांच्या घोळक्याला 'ईर', आणि आदराला मोठ्या अक्षरानं (कॅपिटलनं) सुरू होणारं 'झी', मग समोर एक जण असो की दहा. बाईंना 'ईर' म्हणून प्रश्न विचारला तर तोंडी परीक्षेत ते कानाला लगेच खटकतं.

'झी' ऐकून गोंधळू नका. ती, ते आणि आदरार्थी तुम्ही, तिन्हींना हाच शब्द आहे. कोण ते क्रियापद सांगतं: 'झी लेर्न्ट' म्हणजे ती शिकते, 'झी लेर्नेन' म्हणजे ते शिकतात किंवा तुम्ही शिकता.

आता शेपटांचे दोन छोटे अपवाद. धातू 'ट' किंवा 'ड'नं संपत असेल तर मधे 'ए' येतो: डू आर्बाइटेस्ट, एर फिंडेट. 'आर्बाइट्स्ट' मोठ्यानं म्हणून बघा, जीभ अडखळते. त्यासाठीच तो 'ए'. धातू 'स' किंवा 'त्स'नं संपत असेल तर 'डू'ला नुसता 'ट' लागतो: डू हाइस्ट, डू टान्त्स्ट.

खरा अभ्यास लागतो तो धातूतला स्वर बदलणाऱ्या क्रियापदांना. फारेन: डू फेर्स्ट, एर फेर्ट. श्प्रेशेन: डू श्प्रिश्स्ट, एर श्प्रिश्ट. नेमेन: डू निम्स्ट, एर निम्ट. लेझेन: डू लीस्ट, एर लीस्ट. हा बदल फक्त 'डू' आणि 'एर' या दोन खोल्यांत होतो. 'ईर'मध्ये होत नाही, तिथे 'ईर फार्ट'च राहतं, आणि रिकाम्या जागा भरताना नेमकं तिथेच मुलं चुकतात. 'एसेन'चं 'एर इस्ट' म्हणजे तो खातो. 'झाइन'चं 'एर इस्ट' म्हणजे तो आहे. उच्चार एकच, पण खाण्याच्या 'इस्ट'मध्ये स दोनदा येतो. श्रुतलेखनात वाक्याचा अर्थ बघून ठरवावं लागतं.

वहीत क्रियापद उतरवताना मूळ रूपाशेजारी 'एर'चं रूप लगेच लिहा: 'फारेन, एर फेर्ट'. संपूर्ण तक्ता लिहायची गरज नाही. 'एर' आला की 'डू' आपोआप येतो.

'झाइन', 'हाबेन' आणि 'वेर्डेन' ही तीन क्रियापदं मात्र पूर्ण तक्त्यासह, झोपेतून उठवून विचारलं तरी आली पाहिजेत. बिन, बिस्ट, इस्ट, झिंट, झाइट, झिंट. हाबे, हास्ट, हाट, हाबेन, हाप्ट, हाबेन. वेर्डे, विर्स्ट, विर्ट, वेर्डेन, वेर्डेट, वेर्डेन. पुढचे सगळे काळ या तिघांच्या खांद्यावर उभे आहेत. 'वेर्डेन' म्हणजे 'होणे'. 'मला डॉक्टर व्हायचंय' हे 'इश म्योश्टे आर्त्स्ट वेर्डेन', मुलगी असेल तर 'एर्त्स्टिन'. इंग्रजीतल्या शब्दाशी साम्य बघून इथे 'बेकोमेन' लिहू नका. त्याचा अर्थ 'मिळणे', आणि वाक्याचा अर्थ होतो 'मला डॉक्टर मिळतो'.

क्रियापदाची जागा

साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागी बसतं. दुसरा शब्द नव्हे, दुसरी जागा. 'आम नाखमिटाग श्पीलेन वीर क्रिकेट' या वाक्यात 'आम नाखमिटाग' म्हणजे 'दुपारी' हे दोन शब्द मिळून पहिली जागा होते, मग 'श्पीलेन', आणि कर्ता 'वीर' क्रियापदाच्या मागे जातो. 'हॉयटे इश गेए' ही चूक इंग्रजीच्या सवयीनं होते. बरोबर वाक्य 'हॉयटे गेए इश'.

यासाठी मी मुलांना एकच व्यायाम देते आणि तो पुरतो. एक वाक्य घ्यायचं आणि दर वेळी वेगळ्या तुकड्यानं सुरू करून तीनदा लिहायचं. 'इश लेर्ने हॉयटे त्सू हाउझे डॉइच.' 'हॉयटे लेर्ने इश त्सू हाउझे डॉइच.' 'त्सू हाउझे लेर्ने इश हॉयटे डॉइच.' क्रियापद जागचं हललं नाही, बाकीचे त्याच्याभोवती फिरले. रोज पाच वाक्यं अशी फिरवा. दहा-बारा दिवसांत हात स्वतःहून बरोबर लिहायला लागतो. हो-नाही उत्तराच्या प्रश्नात क्रियापद पहिल्या जागी येतं: 'कोम्स्ट डू मोर्गेन?'

आता वाक्यात दोन क्रियापदं आली तर? बदलणारं क्रियापद दुसऱ्या जागी राहतं आणि दुसरं थेट शेवटी जातं. 'इश मुस हॉयटे माटे लेर्नेन.' 'मला आज गणित शिकायलाच हवं.' शेवटी 'लेर्नेन', आपल्याकडे जवळजवळ शेवटी 'शिकायला'. मराठी कानाला हे जड जात नाही. पहिलं आणि शेवटचं क्रियापद मिळून एक कंस तयार होतो आणि बाकी सगळं त्या कंसात बसतं. 'क्योनेन', 'म्युसेन', 'ड्युर्फेन', 'वोलेन', 'झोलेन' या साहाय्यक क्रियापदांना 'इश' आणि 'एर'मध्ये शेपूट नसतं: इश कान, एर कान, इश मुस, एर मुस. 'एर कान्ट' लिहिलं की गुण गेला.

सुटणाऱ्या उपसर्गांची क्रियापदं याच कंसात बसतात. 'आउफश्टेएन' म्हणजे उठणे: 'इश श्टेए उम झेक्स उर आउफ', मी सहाला उठतो. 'आनरूफेन' म्हणजे फोन करणे: 'इश रूफे माइने टान्टे आन.' वाक्य लिहून झाल्यावर शेवटी तुकडा राहिला का, एवढं बघायचं. साहाय्यक क्रियापद आलं तर मात्र तो शेवटी पुन्हा जोडला जातो: 'इश मुस उम झेक्स उर आउफश्टेएन'.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. 'वाइल' म्हणजे 'कारण'. त्याच्या पुढच्या वाक्यात क्रियापद अगदी शेवटी जातं. इंग्रजी माध्यमातल्या पुस्तकांत यासाठी चौकटी आखून नियम दिलेला असतो. आपण फक्त हे बघायचं: 'वाइल इश हॉयटे त्सू हाउझे डॉइच लेर्ने.' 'कारण मी आज घरी जर्मन शिकतो.' शब्दाखाली शब्द ठेवा, क्रम जसाच्या तसा. 'डास' म्हणजे 'की', 'वेन' म्हणजे 'जेव्हा' किंवा 'जर', यांच्यानंतरही असंच. या तीन शब्दांनंतर सरळ मराठीत विचार करा आणि त्याच क्रमानं जर्मन लिहा. पहिल्यांदा हे फळ्यावर दाखवते तेव्हा वर्गातल्या मराठी मुलांचे चेहरे खुलतात.

वर्तमानकाळ एकच, कामं तीन

'मी जातो', 'मी जातोय' आणि 'मी उद्या जातो', तिन्हींना जर्मनमध्ये एकच रूप आहे. 'मोर्गेन फारे इश नाख मुंबई', उद्या मी मुंबईला जातोय. वाक्यात 'मोर्गेन' आहे, म्हणजे भविष्यकाळ कळलाच. आपणही असंच बोलतो. 'वेर्डेन' लावून केलेला वेगळा भविष्यकाळ आहे: 'इश वेर्डे नाख मुंबई फारेन'. तो अंदाज, वचन किंवा लांबचा बेत सांगायला येतो आणि परीक्षेत 'भविष्यकाळात रूपांतर करा' असं विचारलं की वापरावा लागतो. रचना तीच कंसाची, त्यामुळे वेगळा वेळ देऊ नका.

'मी दोन वर्षांपासून जर्मन शिकतोय' याचं जर्मन 'इश लेर्ने झाइट त्स्वाइ यारेन डॉइच'. सुरुवात दोन वर्षांपूर्वी झाली, पण काम चालू आहे, म्हणून वर्तमानकाळ. मराठीतही वर्तमानकाळच आहे. इंग्रजीतून गेलात तर उगाच भूतकाळाच्या रूपात अडकाल.

बोलण्यातला भूतकाळ: परफेक्ट

शालेय पातळीवरचा सगळ्यात मोठा धडा हाच. पत्र, ई-मेल, 'सुट्टीत काय केलंस' हा तोंडी प्रश्न, सगळीकडे हा लागतो. रचना सोपी: 'हाबेन' किंवा 'झाइन' दुसऱ्या जागी, आणि भूतकाळी कृदंत, म्हणजे क्रियापदाचं 'गेश्पील्ट'सारखं रूप, शेवटी. 'इश हाबे क्रिकेट गेश्पील्ट', मी क्रिकेट खेळलो. 'इश बिन नाख हाउझे गेगांगेन', मी घरी गेलो. अडचण एकच: 'हाबेन' की 'झाइन'?

इथे मराठीतला 'ने' कामाला येतो. वाक्य आधी 'तो'वर न्या, कारण 'मी' आणि 'तू'ला 'ने' लागत नाही. आता मराठीत भूतकाळ करा. 'त्याने खाल्लं', 'त्याने पाहिलं', 'त्याने पत्र लिहिलं', 'त्याने विकत घेतलं'. 'ने' आला की जर्मनमध्ये 'हाबेन': एर हाट गेगेसेन, एर हाट गेझेएन, एर हाट गेश्रीबेन, एर हाट गेकाउफ्ट.

'ने' आला नाही तर लगेच 'झाइन' लिहू नका, एक प्रश्न विचारा: जागा बदलली का, किंवा अवस्था बदलली का? 'तो गेला', 'तो आला', 'तो धावला', जागा बदलली: एर इस्ट गेगांगेन, गेकोमेन, गेलाउफेन. 'तो उठला', 'त्याला झोप लागली', 'तो मेला', अवस्था बदलली: इस्ट आउफगेश्टांडेन, इस्ट आइनगेश्लाफेन, इस्ट गेश्टोर्बेन. पण 'तो हसला', 'तो रडला', 'तो जेवला', 'तो नाचला' यांत 'ने' नाही आणि बदलही नाही. नाचताना अंग हलतं, पण माणूस एका गावाहून दुसऱ्या गावी जात नाही. म्हणून 'हाट गेलाख्ट', 'हाट गेवाइन्ट', 'हाट गेगेसेन', 'हाट गेटान्त्स्ट'. 'तो बसला होता' आणि 'तो उभा होता' यांनाही परीक्षेत 'हाट गेझेसेन', 'हाट गेश्टांडेन' लिहा. दक्षिण जर्मनीत, ऑस्ट्रियात आणि स्वित्झर्लंडमध्ये लोक तिथे 'इस्ट' म्हणतात, तेव्हा एखाद्या व्हिडिओत तसं ऐकलंत तर दचकू नका.

तीन क्रियापदं पाठच करायची, कारण त्यांत बदल दिसत नाही तरी 'झाइन' लागतं: झाइन, ब्लाइबेन आणि पासीरेन. इस्ट गेवेझेन, इस्ट गेब्लीबेन, इस्ट पासीर्ट. मराठीत 'होता', 'राहिला', 'घडलं', यांतही 'ने' नाहीच.

ही किल्ली कुठे लागत नाही तेही सांगते. 'करणे' जोडून केलेली मराठी क्रियापदं फसवतात. 'त्याने प्रवास केला' यात 'ने' आहे, पण 'राइझेन' जागा बदलणारं आहे: 'एर इस्ट गेराइस्ट'. तेव्हा 'केला' दिसला की 'ने' विसरा आणि जागा बदलण्याचा प्रश्न विचारा.

'फारेन'ची जोडी बघा. 'तो मुंबईला गेला': 'एर इस्ट नाख मुंबई गेफारेन'. 'त्याने गाडी गॅरेजमध्ये नेली': 'एर हाट डास आउटो इन डी गाराझे गेफारेन'. एकच जर्मन क्रियापद, पण दुसऱ्या वाक्यात कर्म आलं आणि 'हाबेन' लागलं. मराठीतही नेमका तिथेच 'ने' उमटला.

कृदंत कसं बनतं

साधी क्रियापदं: पुढे 'गे', मागे 'ट'. गेमाख्ट, गेश्पील्ट, गेलेर्न्ट. अनियमित क्रियापदं: पुढे 'गे', मागे 'एन', आणि मधला स्वर बऱ्याचदा बदलतो. गेट्रुंकेन, गेश्रीबेन, गेनोमेन. सुटणाऱ्या उपसर्गांत 'गे' मधे शिरतो: आउफगेश्टांडेन, आइनगेकाउफ्ट, आनगेरूफेन. काही क्रियापदांना 'गे' लागतच नाही: श्टुडीर्ट, टेलेफोनीर्ट, बेझूख्ट, फेर्श्टांडेन, एर्त्सेल्ट.

'गे' कुठे गळतो याच्या याद्या पुस्तकात असतात, पण कारण कानाला कळतं. क्रियापद मोठ्यानं म्हणा. जोर पहिल्या अक्षरावर असेल तर 'गे' येतो. 'श्पीलेन', 'आउफश्टेएन', जोर सुरुवातीला. 'बेझूखेन'मध्ये जोर 'झू'वर, 'फेर्श्टेएन'मध्ये 'श्टे'वर, 'श्टुडीरेन'मध्ये 'डी'वर. जोर पुढे सरकला की 'गे'ला जागा नाही. म्हणून क्रियापदं मनातल्या मनात पाठ करू नका, तोंडानं म्हणा.

अनियमित क्रियापदं वर्णानुक्रमानं पाठ करण्यात मुलांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. ती घराण्यांनी लावा, म्हणजे एकाच्या मागे दुसरं येतं. ट्रिंकेन, ट्रांक, गेट्रुंकेन. झिंगेन, झांग, गेझुंगेन. फिंडेन, फांट, गेफुंडेन. हे इ-आ-उ घराणं. श्राइबेन, श्रीप, गेश्रीबेन. ब्लाइबेन, ब्लीप, गेब्लीबेन. हे आइ-ई-ई. श्प्रेशेन, श्प्राख, गेश्प्रोखेन. हेल्फेन, हाल्फ, गेहोल्फेन. नेमेन, नाम, गेनोमेन. हे ए-आ-ओ. लेझेन, लास, गेलेझेन. झेएन, झा, गेझेएन. गेबेन, गाप, गेगेबेन. हे ए-आ-ए. फारेन, फूर, गेफारेन. ट्रागेन, ट्रूक, गेट्रागेन. हे आ-ऊ-आ. पाढे म्हणतो त्या ठेक्यात म्हणा, 'बे एके बे'सारखे. घरातलं कुणी समोर बसून पहिलं रूप म्हणालं आणि तुम्ही उरलेली दोन म्हणालात तर आणखी चांगलं.

या क्रियापदांना जर्मनमध्ये 'बलवान' आणि 'ट' लावणाऱ्यांना 'दुर्बल' म्हणतात. ही नावं याकोब ग्रिमनं दिली, परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरल्यानं. बाहेरून 'ट'ची मदत न घेता स्वतःच्या आतला स्वर बदलून भूतकाळ दाखवतात, म्हणून बलवान. आपल्याकडे स्वर बदलून काळ बदलत नाही, पण अर्थ बदलतो: तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे. धातूच्या पोटातला स्वर काम करतो ही कल्पना आपल्याला नवी नाही.

डेंकेन, डाख्टे, गेडाख्ट आणि ब्रिंगेन, ब्राख्टे, गेब्राख्ट ही मिश्र जातीची. स्वरही बदलतो आणि 'ट'ही लागतो. 'केनेन' आणि 'विसेन'ही त्यांतलीच.

प्रेटेरिटुम आणि बाकीचे

गोष्टी, बातम्या, लिखित वर्णनं यांत प्रेटेरिटुम हा भूतकाळ येतो: एर माख्टे, एर गिंग, एर श्रीप. वाचनाच्या उताऱ्यात तो ओळखता यायला हवा, आणि तीन रूपं पाठ केलीत तर मधलं रूप तेच. स्वतः लिहिताना सुरुवातीच्या पातळीला पुढची पुरतात: वार, हाटे, आणि साहाय्यक क्रियापदांची कोन्टे, मुस्टे, डुर्फ्टे, वोल्टे, झोल्टे. ही बोलण्यातही याच रूपात येतात. 'एस इस्ट शोन गेवेझेन'पेक्षा 'एस वार शोन' हेच स्वाभाविक. 'हाटे' म्हणजे 'होतं' आणि 'हाट' म्हणजे 'आहे'; लिहिताना दोन्हींतली ट आणि शेवटचा ए यांवर लक्ष ठेवा. 'इश' आणि 'एर' इथे पुन्हा सारखे, 'एर'ला शेपूट नाही.

'जेवलो होतो', 'गेला होता' असा भूतकाळाच्याही आधीचा काळ हवा असेल तर परफेक्टमधल्या 'हाबेन'चं 'हाटे' आणि 'झाइन'चं 'वार' करा. 'इश हाटे गेगेसेन', 'एर वार गेगांगेन'. झालं.

सहा आठवड्यांची आखणी

परीक्षेला दीड महिना असेल तर पहिले दोन आठवडे फक्त वर्तमानकाळ. मुलांना ही वेळ वाया गेल्यासारखी वाटते, पण 'हाबेन', 'झाइन' आणि दुसरी जागा पक्की नसेल तर पुढचे काळ उभेच राहत नाहीत. तिसरा आठवडा साहाय्यक क्रियापदं, सुटणारे उपसर्ग आणि 'वाइल'. चौथा आणि पाचवा परफेक्ट. सहाव्यात 'वार', 'हाटे' आणि जुन्या प्रश्नपत्रिका.

रोज २५ मिनिटं पुरतात, मात्र रोज हवीत. नव्या अनियमित क्रियापदांची रोज फक्त तीन; १७ दिवसांत ५० होतात. वहीत प्रत्येकाची एक ओळ: मूळ रूप, 'एर'चं रूप, प्रेटेरिटुम, 'हाट' किंवा 'इस्ट'सह कृदंत. त्याखाली स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य, पुस्तकातलं नव्हे. काल रात्री काय पाहिलंत, बसनं कुठे गेलात, आईला काय म्हणालात. स्वतःचं वाक्य लवकर विसरत नाही. दर रविवारी उजवीकडचे रकाने झाकून आठवड्याची क्रियापदं पुन्हा लिहा आणि चुकली तेवढीच पुढच्या आठवड्यात न्या.

गोएथे संस्थेच्या, म्हणजे आपल्याकडे माक्स म्युलर भवनात होणाऱ्या, 'फिट इन डॉइच १' परीक्षेत सुमारे ३० शब्दांचा ई-मेल लिहायचा असतो. शाळेच्या पेपरातही पत्र असतंच. त्यासाठी रविवारच्या वर्णनाचा एक सांगाडा तयार ठेवा:

'आम झोनटाग बिन इश उम आख्ट उर आउफगेश्टांडेन. डान हाबे इश माइने टान्टे आनगेरूफेन. आम नाखमिटाग हाबेन वीर क्रिकेट गेश्पील्ट. एस वार टोल. आम आबेंट हाटे इश काइने त्साइट, वाइल इश माटे लेर्नेन मुस्टे.'

पाच वाक्यं आहेत. 'झाइन'चा परफेक्ट, सुटणारा उपसर्ग, 'हाबेन'चा परफेक्ट, 'वार', 'हाटे' आणि 'वाइल'नंतर शेवटी गेलेलं क्रियापद, सगळं यात आलं. शेवटच्या वाक्यात 'लेर्नेन मुस्टे' हा क्रम मुद्दाम बघा; 'कारण मला गणित शिकावं लागलं', आधी शिकणं, मग लागलं. हा सांगाडा घोकू नका. क्रिकेटच्या जागी पोहणं घाला आणि 'हाबेन' बदलून 'झिंट' होतं का बघा: 'झिंट वीर गेश्वोमेन'. आठ वाजण्याऐवजी दहा करा, मावशीऐवजी मित्र करा. दहा वेगवेगळे रविवार लिहून झाले की पेपरातला रविवार अकरावा असतो.

रिकाम्या जागा भरताना तीन गोष्टी याच क्रमानं बघा. आधी कर्ता कोण. मग काळाचा शब्द: गेस्टर्न, हॉयटे, मोर्गेन, झाइट. मग वाक्याचा शेवट: तिथे कृदंत असेल तर जागेत 'हाबेन' किंवा 'झाइन' येणार, मूळ रूप असेल तर साहाय्यक क्रियापद किंवा 'वेर्डेन', उपसर्गाचा सुटा तुकडा असेल तर त्याचं क्रियापद. घाईत मुलं फक्त मोकळ्या जागेच्या डावीकडे बघतात, उत्तर उजवीकडे टोकाला असतं.

तोंडी परीक्षेत अडलात तर वाक्य मोडून लहान करा. 'वाइल' जमत नसेल तर थांबून दुसरं साधं वाक्य सुरू करा. चुकीच्या लांब वाक्यापेक्षा बरोबर असलेली दोन लहान वाक्यं ऐकायला बरी वाटतात. प्रश्नातलं क्रियापद उत्तरात उचला: 'हास्ट डू गेश्टर्न' असा आवाज कानात राहिला असेल तर तो 'गेस्टर्न' आहे, 'श' नाही, आणि उत्तर 'या, इश हाबे' असं तिथूनच सुरू होतं.

लेखी पेपरची शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. त्या वेळात काही नवं लिहायचं नाही. पेन्सिलीनं प्रत्येक वाक्यातलं क्रियापद अधोरेखित करत जा आणि तीनच प्रश्न विचारा: शेपूट कर्त्याला जुळतंय का, ते दुसऱ्या जागी आहे का, आणि वाक्याच्या शेवटी जे यायला हवं होतं ते आलंय का. मग पेन्सिलीच्या रेघा खोडा आणि पेपर द्या.